‘एसी वाढव’ म्हणजे किती?

थर्मोस्टॅट म्हणजे तापमान पाहून वीज चालू किंवा बंद करणारा स्विच. याहून जास्त त्याला काही येत नाही; अपेक्षा मात्र त्याच्याकडून घरातल्या कर्त्या माणसाच्या केल्या जातात. पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात बहुतेक घरांत तो आधीपासून आहे, फक्त त्याला कोणी नावाने ओळखत नाही. इस्त्री तापली की लाल दिवा विझतो आणि ‘टक्’ असा आवाज होतो, तो थर्मोस्टॅट. गिझरचा दिवा गेला की आंघोळीला आधी कोण यावरून दोन भावांत वाद सुरू होतो, तोही त्यानेच लावलेला. फ्रिज मध्यरात्री कण्हत उठतो, दहा मिनिटे कुरकुरतो आणि पुन्हा झोपतो, त्यालाही उठवणारा आणि निजवणारा हाच.

जुन्या प्रकारात दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात. तापल्यावर एक जास्त पसरते, दुसरी कमी. त्या ओढाताणीत जोडपट्टी वाकते आणि विजेचा संपर्क तुटतो. इलेक्ट्रॉनिक प्रकारात पट्टीच्या जागी थर्मिस्टर नावाचा मणी असतो, साधारण साबुदाण्याएवढा. हवा तापली की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो. एक चिप तो विरोध मोजते, त्यावरून तापमान काढते आणि रिले नावाच्या स्विचला हुकूम सोडते. रिले ‘टक्’ करतो. यंत्र नवे आले तरी ‘टक्’ जुनाच राहिला, कारण काही तरी झाले हे कानाला कळल्याशिवाय गिऱ्हाइकाला पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाही.

घरासाठी थर्मोस्टॅट निवडण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते. थर्मोस्टॅटला खोलीचे तापमान कळत नाही. त्याला फक्त स्वतःचे कळते. आपल्याला गार वाटते म्हणजे सगळ्यांनाच गार वाटत असणार, असे तो धरून चालतो. हा दोष एकट्या यंत्रातच आहे असे नाही.

आता हवामान. मुळशी हा एकच तालुका असला तरी त्याचे हवामान एक नाही. पूर्वेला हिंजवडी, माण, भूगाव; इथला पाऊस शहरी वळणाचा, म्हणजे ट्रॅफिक अडवण्यापुरता. पौड ओलांडून पश्चिमेला जावे तसा तो जबाबदारीने पडू लागतो आणि ताम्हिणीत तर त्याला दुसरे कामच नसते. २५ जुलै २०२४ रोजी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहराला वर्षभरात मिळतो त्याच्या निम्म्याहून बराच जास्त पाऊस इथे एका दिवसात उरकला गेला. हिवाळ्यात खोऱ्यातली पहाट दहा अंशांच्या खाली उतरते, एप्रिल-मे मध्ये दुपार अडतीस-चाळीसला टेकते. म्हणजे घर गार करायचे महिने तीन, उबदार करायचे दोन आणि वाळवायचे चार. बाजारातला थर्मोस्टॅट पहिली दोन कामे करतो. तिसऱ्याबद्दल पुढे येईलच.

थर्मोस्टॅट येण्यापूर्वी या भागात तापमानाचे नियमन होत नव्हते, असे मानण्याचे कारण नाही. आंघोळीच्या पाण्यासाठी तांब्याचा बंब होता. त्याच्या पोटातून जाणाऱ्या नळीत निखारे, गोवऱ्या, करवंट्या पडत आणि भोवतीचे पाणी कढे. बंबाला तापमान ठरवून देण्याची सोय नव्हती. तो एकच तापमान जाणत असे, ते म्हणजे चटका बसण्याचे. नियमनाचे काम विसणाकडे होते. कढत पाण्यात किती गार पाणी घालायचे हे बादलीत हात बुडवून ठरे, आणि तो हात बहुधा घरातल्या मोठ्या बाईचा असे. तिचा हात २५ वर्षे स्वयंपाकघरात तापून निघालेला, त्यामुळे तिला कोमट वाटलेल्या पाण्यात नातू किंचाळत उठे. हीच ती मघाची अडचण: मोजणाऱ्याला फक्त स्वतःचे तापमान कळते.

मराठीने या कामासाठी जी मोजपट्टी केली आहे, ती मात्र बारकाईची आहे. थंडगार, गार, कोमट, ऊन, कढत आणि शेवटी ‘हात लावू नकोस’, अशी सहा घरे तिच्यात आहेत. रिमोटवर १६ ते ३० अशी पंधरा असतात, पण घरात वापरात दोनच: ‘अगदीच गार’ आणि ‘काहीच होत नाहीये’.

थंडीसाठी घोंगडी होती. दुहेरी अंगावर, एकेरी अंगावर, नुसती पायांवर, आणि घडी घालून उशाशी, अशा तिच्या चार पायऱ्या. वीज लागत नाही, सेल लागत नाहीत, पावसात डोक्यावर खोळ करून घेता येते आणि कुटुंबातल्या प्रत्येकाला स्वतंत्र मिळते. हा शेवटचा गुण आधुनिक यंत्रांना अजून जमलेला नाही. उन्हाळ्याचे काम जाड मातीच्या भिंती, कौले आणि शेणाने सारवलेली जमीन करत. पुढे त्यांच्या जागी सहा इंची भिंत आणि वर सिमेंटचा स्लॅब आला. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री अकराला, माणूस आडवा झाला की, परत करायला लागतो. थर्मोस्टॅटचा प्रश्न घरात शिरला तो या स्लॅबवरून.

प्रत्यक्ष निवडीत पहिला मान भिंतीवरच्या गोल, चकचकीत, परदेशी थर्मोस्टॅटचा. तो विकत घ्यावा लागत नाही. न्यू जर्सीहून डिसेंबरात येणारा मुलगा किंवा जावई तो बॅगेतून घेऊन येतो. अमेरिकेतल्या घराला तळघरात एक भट्टी असते, सगळ्या खोल्यांना हवा नेणारे पत्र्याचे बोगदे असतात, आणि या सगळ्यावर एकच थर्मोस्टॅट २४ व्होल्टच्या बारीक तारांनी हुकमत चालवतो. तारांना आर, डब्ल्यू, वाय, जी आणि सी अशी अक्षरे असतात. पिरंगुटच्या बंगल्यात भट्टी नाही, बोगदे नाहीत, आणि भिंतीत अक्षर नसलेल्या दोन तारा आहेत, २३० व्होल्टच्या. त्या याला जोडल्या तर तो घर एकदाच, आणि फक्त स्वतःपुरते, गरम करतो. शिवाय तो फॅरनहाइट बोलतो. पडद्यावर ७२ वाचून आजी देवापुढे दिवा लावायला उठते. तिला समजावून सांगावे लागते की हे म्हणजे आपले बावीस. यथावकाश ही वस्तू शोकेसमध्ये संगमरवरी ताजमहालाशेजारी जाऊन बसते आणि पाहुण्यांना दाखवली जाते.

इथल्या घराला लागणारा थर्मोस्टॅट वेगळा घ्यावा लागत नाही. तो स्प्लिट एसीच्या आत, हवा ओढणाऱ्या जाळीमागे असतो. म्हणून थर्मोस्टॅट निवडणे म्हणजे व्यवहारात एसी निवडणे, आणि दुकानात त्याविषयी दोनच प्रश्न विचारले जातात: ‘किती टनाचा?’ आणि ‘किती स्टार?’ टन हे वजन नव्हे, हे दुकानदार सांगत नाही. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल, तेवढी काढून टाकण्याची ताकद म्हणजे एक टन. एसी भिंतीवर चढवणाऱ्या दोन पोरांना मात्र ते वजनच वाटते.

विचारायला हवा असा तिसरा प्रश्न थर्मोस्टॅटच्या स्वभावाचा आहे. साध्या एसीत काँप्रेसर एक तर पूर्ण धावतो किंवा पूर्ण थांबतो. २४ अंश ठरवून दिले तर तो २३ च्या आसपास थांबतो, २५ च्या आसपास पुन्हा उठतो. ही अंशाभराची सैल मुद्दाम ठेवलेली असते. ती नसती तर काँप्रेसर दर मिनिटाला उठ-बस करत राहिला असता आणि लवकर निवृत्त झाला असता. इन्व्हर्टर एसीत काँप्रेसर वेग कमीजास्त करतो आणि ठरलेल्या अंकाजवळ हळूहळू चालत राहतो. त्यात वीज वाचते. ‘टक्’ मात्र क्वचित ऐकू येतो, त्यामुळे ज्येष्ठांना तो बंद पडल्याची शंका राहते. हिवाळ्यासाठी ‘हॉट अँड कोल्ड’ प्रकार मिळतो; त्यात एक झडप फिरून यंत्राची दिशा उलटते, आणि उन्हाळ्यात घरातली उष्णता बाहेर टाकणारा एसी थंडीत बाहेरची उष्णता आत आणतो. पहाटेच्या दहा अंशांच्या हवेतही काढून घेण्याजोगी उष्णता असते, हे शास्त्र कोणालाही पटवून सांगता येते. सकाळी सहाला, घोंगडीत असलेल्या माणसाला सोडून.

काही रिमोटमध्ये आणखी एक थर्मिस्टर असतो. ते बटण दाबले की एसी भिंतीवरचे नव्हे, रिमोटजवळचे तापमान पाहतो. कल्पना उत्तम. अडचण इतकीच की रिमोट नेमका उशीखाली, पांघरुणात किंवा निजलेल्या माणसाच्या पोटाखाली सापडतो. तिथे ३४ अंश असतात. एसी इमानाने रात्रभर ते ३४ अंश उतरवायच्या मागे लागतो आणि पहाटे सगळे कुटुंब कुडकुडत, ज्याच्या पोटाखाली रिमोट होता त्याला शोधते.

वेगळा थर्मोस्टॅट भिंतीवर बसवायचाच असेल, जसा मुळशीतल्या रिसॉर्टच्या खोल्यांत असतो, तर जागा महत्त्वाची. जमिनीपासून पाचेक फुटांवर, आतल्या भिंतीवर, उन्हापासून, दारापासून आणि स्वयंपाकघरापासून दूर, असे पुस्तकात लिहिलेले असते. घरात या वर्णनाची भिंत एकच असते आणि तिच्यावर आजोबांची तसबीर असते. मग तो पश्चिमेच्या खिडकीजवळ, टीव्हीच्या वर किंवा पडद्यामागे जातो. टीव्हीच्या वर बसवलेला थर्मोस्टॅट क्रिकेटचा सामना लांबला की घर तापल्याचा निष्कर्ष काढतो. आणखी एक धोका पुस्तकात नसतो: पाल. सर्किट असलेली कोणतीही डबी थंडीत उबदार असते, आणि पालीला ते थर्मोस्टॅटच्या आधी कळते.

आता अंक. भारतात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमानुसार १ जानेवारी २०२० पासून स्टार लावलेला एसी चालू करताच आपोआप २४ अंशांवर येतो. अंक एकाने वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असा ब्युरोचा हिशेब. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी याहून पुढे जाऊन एसीला २० च्या खाली आणि २८ च्या वर जाऊच न देण्याचा विचार जाहीर केला. त्या बातमीने घरोघरी जी खळबळ उडाली तिचे कारण वीज नव्हते. १६ हा अंक कोणी वापरत असो वा नसो, तो आपल्या ताब्यात आहे ही भावना मोलाची असते.

१६ विषयीचा समज मुळातून तपासायला हवा. बाहेरून तापून आलेला माणूस आधी १६ लावतो, ‘लवकर गार व्हायला’. साध्या एसीत काँप्रेसर २४ साठी धावतो त्याच वेगाने १६ साठी धावतो; फरक इतकाच की २४ ला थांबायचे असते ते तो थांबत नाही. रिक्षावाल्याला ‘पौडला जायचंय, पण ताम्हिणी सांगतो, म्हणजे जोरात नेशील’ असे सांगण्यासारखे हे आहे. रिक्षा त्याच वेगाने जाते, पौड मात्र मागे पडते.

त्यात भाषेचा घोटाळा. फ्रिजच्या बटणावर १ ते ७ असे आकडे असतात. ते अंश नव्हेत, आणि तिथे आकडा मोठा तितके गार. एसीत आकडा लहान तितके गार. त्यामुळे ‘एसी वाढव’ या दोन शब्दांच्या वाक्याचे मराठीत दोन अर्थ होतात. बोलणाऱ्याला गारवा वाढवायचा असतो, ऐकणारा आकडा वाढवतो. ‘एसी कमी कर’ म्हणावे तर उलटा घोटाळा. सुजाण कुटुंबांत म्हणून ‘एक खाली’ किंवा ‘एक वर’ असे म्हणतात, आणि मग पंखा कमी होतो.

अंक कोणाचा, हा प्रश्न हिंजवडीत सर्वांत तीव्र आहे. हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते, हे तिथे कामाला जाणाऱ्या अनेकांना सातबारा पाहिल्याशिवाय पटत नाही. काचेच्या इमारतीत एका मजल्यावर दोनशे माणसे आणि एक थर्मोस्टॅट असतो, तोही बहुधा कुलूपबंद प्लॅस्टिकच्या डबीत. झडपेखाली बसलेली मुलगी मे महिन्यात शाल घेऊन काम करते. खिडकीशी बसलेला माणूस कागदाने वारा घेतो. कार्यालयीन आरामाचे आंतरराष्ट्रीय गणित डेन्मार्कच्या पी. ओ. फँगर यांनी १९७० च्या सुमारास मांडले. २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी दाखवून दिले की अशा मानकांत शरीराच्या उष्णतेचा जो आकडा धरला जातो, तो चाळिशीतल्या, सत्तर किलो वजनाच्या पुरुषाचा आहे. त्याच गणितात कपड्यांची ऊब मोजायला ‘क्लो’ नावाचे एकक आहे आणि एक क्लो म्हणजे साधारण एक पुरुषी सूट. घोंगडीचे किती क्लो होतात ते तपासायला हवे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी भारतीय कार्यालये पाहून वेगळे सूत्र बसवले. त्यानुसार खिडक्या उघडणाऱ्या इमारतीत बाहेरची सरासरी ३० अंश असेल तर आत २९ अंशांनाही माणसे सुखात असतात. हे सूत्र हिंजवडीत लावायला एकच अडथळा आहे, खिडक्या उघडत नाहीत. काही इमारतींत भिंतीवरचा थर्मोस्टॅट कशालाच जोडलेला नसतो, तो नुसता समजुतीसाठी बसवलेला असतो. बटण दाबल्यावर लोकांना बरे वाटते, अशी अमेरिकेतल्या तंत्रज्ञांचीच कबुली आहे. एकत्र कुटुंबात आजोबांना ‘तुम्हाला विचारूनच करू’ म्हणतात, त्याचे हे विजेवरचे रूप.

विजेचा विषय निघालाच आहे तर मुळशीच्या विजेबद्दल थोडे सांगणे भाग आहे. टाटांच्या कंपनीने इथे धरण बांधायला घेतले तेव्हा १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला. त्याचे पुढारी पांडुरंग महादेव बापट त्यातूनच ‘सेनापती’ झाले; गावे मात्र पाण्याखाली गेली. ते पाणी सह्याद्री उतरून रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला जाते, तिथे १९२७ पासून वीज तयार होते आणि ती मुंबईकडे जाते. मुंबईचे पंखे फिरावेत म्हणून बुडालेल्या खोऱ्यात आजही एसीबरोबर स्टॅबिलायझर घ्यावा लागतो. भिऱ्याचीही गोष्ट अशीच. मार्च २०१७ मध्ये तिथे ४६.५ अंश नोंदले गेले, त्या दिवशी देशात सर्वाधिक. आकडा इतका चढा होता की हवामान खात्याने तापमापकावरच शंका घेतली. वीज जन्मते तिथेच गारव्याची सर्वांत जास्त टंचाई.

पावसाळ्यात वीज गेली की थर्मोस्टॅटची आठवण जाते. काही एसी वीज आल्यावर जुन्या अंकावर परत सुरू होतात, काही २४ वर, आणि काही मानी असतात. रिमोटने बोलावल्याखेरीज येत नाहीत. हे घेण्यापूर्वी विचारून घ्यावे, कारण पुण्यातल्या कोथरूडच्या मालकाचा मुळशीतला बंगला आठवड्यातले पाच दिवस बंद असतो. अशांसाठी वायफायचा थर्मोस्टॅट निघाला आहे. मोबाइलवर बोट ठेवायचे, चांदणी चौकातून निघतानाच खोली गार व्हायला लागते, असे त्याचे वर्णन. खोऱ्यात मात्र वायफायला वीज लागते, विजेला तारा, आणि तारांना कोसळलेले झाड नको असते. शेवटी मालक फोन करतो: “मामा, निघालोय. एसी लावून ठेवा बरं.” राखणीचे मामा कुलूप काढतात, एसी लावतात, गार होतो का पाहायला जरा टेकतात आणि गाडीचा आवाज येईपर्यंत पाहत राहतात.

यात मागासलेले काही नाही. विजेवर चालणारा पहिला खोलीचा थर्मोस्टॅट असाच होता. अमेरिकेत व्हाइटवॉटरच्या अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन शिकवत, तेव्हा शिपाई वर्गात शिरून तापमापक पाही आणि तळघरात जाऊन भट्टीची झडप फिरवी. शिकवण्यात खंड पडतो म्हणून जॉन्सन यांनी यंत्र केले आणि १८८३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. यंत्र झडप फिरवत नव्हते. ते तळघरात घंटा वाजवून शिपायाला उठवत असे. पुढे त्याच जॉन्सन यांच्या नावाने कंपनी निघाली आणि ती जगभरच्या इमारतींचे तापमान सांभाळू लागली. घंटेच्या जागी आता मोबाइलची रिंगटोन आहे. शिपायाच्या जागी मामा आहेत.

राहिले वाळवण्याचे चार महिने. जुलैत मुळशीतली खोली मुळातच २३ अंशांवर असते. एसी २४ वर ठेवला तर थर्मोस्टॅटच्या मते करण्यासारखे काहीच नसते. काँप्रेसर निजून राहतो, आणि इकडे डब्यातला चिवडा सादळतो, कातडी पट्ट्यावर बुरशी येते, कपाटातून कुबट वास येतो आणि जीन्स चौथ्या दिवशीही वलणीवर ओलीच असते. तापमान बरोबर, बाकी सगळे चूक. यासाठी हवेतली ओल पाहून स्विच दाबणारे वेगळे यंत्र असते, ह्युमिडिस्टॅट, आणि ओल काढणारे डीह्युमिडिफायर. ते नसेल तर रिमोटवर थेंबाचे चित्र असलेले ‘ड्राय’ बटण आहे. त्यात पंखा हळू चालतो, काँप्रेसर अधूनमधून उठतो, आणि हवेतले पाणी मागच्या नळीवाटे थेंब थेंब बाहेर पडते. नळीखाली ठेवलेली बादली सकाळी भरलेली दिसली की कुटुंबाला पहिल्यांदा एसीने काम केल्याचे समाधान होते. खोली गारठते ती वेगळी. त्यावर घोंगडी आहे. ओल मोजायला मात्र महागडे उपकरण घेऊ नये. पोह्याचा पापड घ्यावा. मोडताना ‘टक्’ झाला तर हवा कोरडी.

देखभाल थोडीच आहे. जाळी महिन्यातून एकदा धुवावी, मे संपण्यापूर्वी आतल्या मुंग्या आणि पालीची अंडी काढावीत, आणि पावसाळाभर एसी लागणार नसेल तर रिमोटमधले सेल काढून ठेवावेत, म्हणजे ते ओलीने पाझरत नाहीत. सेल जपून ठेवले जातात. गणपतीत ते रोषणाईच्या माळेला लागतात, नवरात्रात भिंतीवरच्या घड्याळाला, आणि ऑक्टोबरची पहिली कडक दुपार येते तेव्हा एसी भिंतीवर असतो, रिमोट हातात असतो, आणि बरोबर वेळ दाखवणाऱ्या घड्याळाखाली सगळे घर घामाघूम बसलेले असते.